यंदाचं दही

त्या गावात विचारल्याशिवाय कोणी काही करत नाही. म्हणजे करायचं ते करतातच, पण आधी विचारतात. स्वतःच्या घरातून निघताना माणूस ओसरीवरच्या म्हाताऱ्याला म्हणतो, जाऊ का मग? आता म्हातारा नाही म्हणाला तर हा काय जन्मभर घरात बसणार आहे? शेजाऱ्याच्या विहिरीत बादली सोडून झाल्यावर हाक मारायची, पाणी घेऊ का वो? नाचणगावच्या पुढच्या त्या गावातली ही रीत, आणि तिचं ओझं कधी कोणाला झालं नव्हतं. नलूबाईला झालं. असं झालं की तिची झोपच उडाली.

नलूबाईचं शेत बबनरावांच्या शेताच्या मागे. मागे नाला, बाजूला दुसऱ्यांची विहीर आणि संत्र्याची बाग. शेतात शिरायला वाट एकच, बबनरावांच्या शेतातून, धुऱ्याच्या बांधाला लागून, बैलबंडी जाईल एवढी. नलूबाईची सासू धुरपताबाई नवरी होऊन आली तेव्हाही ती वाट होती, आणि तिच्या सासऱ्यांनी म्हणे त्याच वाटेनं पहिला कापूस घरी आणला होता. वाटेवर चाकोऱ्या इतक्या खोल की बैलांना हाकावं लागत नसे, ते आपोआप वळत.

आणि धुरपताबाईनं सुनेला एक गोष्ट हाताला धरून शिकवली होती. कापूस फुटला की वेचणीला हात घालायच्या आधी शेतात सीतादही करायचं. फुटलेल्या झाडाला हळदकुंकू, दहीभाताचा नैवेद्य, चार दाणे चहूबाजूंना. हे सगळेच करतात. पण धुरपताबाईच्या घरची आणखी एक पद्धत होती. नैवेद्यातलं दही एका वाटीत काढून बबनरावांच्या घरी न्यायचं, आणि दारात उभं राहून म्हणायचं, भाऊजी, उद्यापासून बंडी काढतो बरं. बबनराव दरवर्षी तेच उत्तर द्यायचे. "काढा नं वहिनी. इचारता काहाले?" मग वाटी घ्यायचे, बोटानं चाखायचे आणि दही आंबट आहे म्हणून तोंड वाकडं करायचे. नलूबाईचं दही कधी आंबट नसायचं. माणूस मेला खोटारडा, असं ती हसत हसत घरी येऊन सांगायची.

नलूबाईचा नवरा भैयाजी आणि बबनराव लंगोटीयार. भैयाजी गेला त्याला आता बरीच वर्षं झाली. पोरगी आकांक्षा शिकली, पुलगावला एका वकिलाच्या ऑफिसात कामाला लागली. नलूबाईनं शेत सोडलं नाही. लोक म्हणायचे, मक्त्यानं देऊन टाक, कशाला मरतेस उन्हात. ती म्हणायची, घरी बसून तरी कोणतं अमृत पिऊन राह्यली मी?

असं सगळं बरं चाललेलं असताना गुढीपाडव्याच्या पुढेमागे बबनरावांचा पोरगा सचिन यानं शेताला सिमेंटचे खांब ठोकले. खांबांना जाळी. वाट जिथून वळते तिथंही जाळी. नागपूरचा कोणी एक पार्टीवाला ते शेत घेणार होता, गोदाम बांधायला, आणि त्याला शेत एकसंध हवं होतं, मधून कोणाची बंडी-फिंडी नको. नलूबाई शेतात निघाली तर समोर जाळी. ती बावळटासारखी जाळीला हात लावून उभी राहिली. खरं सांगायचं तर तिला आधी वाटलं, आपणच चुकीच्या ठिकाणी आलो.

ती बबनरावांच्या घरी गेली. बबनराव खाटेवर होते, त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. सचिनच बोलला. काकू, तुमची अडचण मी समजतो, पण हे आमचं खाजगी शेत आहे, नाल्याच्या काठानं जात जा. गोड बोलला तो. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, नलूबाईला उलट बोलता आलं असतं. ती तशीच परत आली. त्या दिवसापासून भाकर थापता थापता मध्येच उठून दारात यायची. कोणी येणार नसायचं. पुन्हा चुलीकडे जायची, तोवर भाकर करपलेली असायची.

तेवढ्यात आकांक्षा बातमी घेऊन आली. सरकारनं नवा निर्णय काढला होता. गावातल्या सगळ्या पांदण रस्त्यांची, शेतरस्त्यांची शिवारफेरी होणार, मोजणी होणार, रस्त्यांना नंबर पडणार आणि वहिवाटीचा रस्ता सातबाऱ्यावर चढणार. एकदा सातबाऱ्यावर चढला की मग कोणाचा बाप आला तरी जाळी टिकत नाही. आकांक्षा हे सांगताना स्वयंपाकघरात उभ्या उभ्या हात नाचवत होती, वकिलाच्या ऑफिसातली तिची सगळी हुशारी त्या हातांत आली होती. नलूबाई त्या दिवशी पोटभर जेवली.

शिवारफेरी निघाली ती भर उन्हाळ्यात. मंडळ अधिकारी पौर्णिमा मॅडम, तलाठी, कोतवाल, सरपंच आणि निम्मं गाव. मॅडम डोक्यावर रुमाल बांधून पुढे. कामाच्या चांगल्या होत्या, याबद्दल वाद नाही. दुसरा कोणी असता तर चावडीत बसून कागद रंगवले असते. या बाईनं नाला ओलांडला, चाकोऱ्या वाकून पाहिल्या, जाळीच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या चाकोऱ्या जुळतात का तेही पाहिलं. नलूबाईला वाटलं, देव पावला.

मग मॅडमनी विचारलं, या वाटेनं किती काळापासून जाता? नलूबाईनं सांगितलं, सासूच्या सासऱ्यापासून. कोणी अडवलं कधी? कधीच नाही. मॅडम लिहीत होत्या. सचिन मागून पुढे आला आणि अगदी शांतपणे म्हणाला, मॅडम, काकूंना एवढंच विचारा, त्या दरवर्षी आमच्या घरी येऊन विचारतात की नाही.

"इचारतो नं," नलूबाई म्हणाली. "दरसाल इचारतो. इचारल्याबिगर कशी नेईन बंडी दुसऱ्याच्या शेतातून?"

किती अभिमानानं म्हणाली ती. सासूनं शिकवलेली रीत, एक वर्ष चुकवली नाही, आणि समोर साहेब लोक उभे. आपल्या घरचं वळण साऱ्या गावासमोर सांगायला मिळालं म्हणून तिनं पदरसुद्धा सावरला. दही नेते हेही सांगितलं. मॅडमचा हात थांबला. त्यांनी एकदा नलूबाईकडे, एकदा सचिनकडे पाहिलं, आणि नाइलाजानं लिहिलं: वहिवाट परवानगीने.

त्या एका शब्दाचा अर्थ आकांक्षानं घरी आल्यावर समजावला. कोणाची परवानगी घेऊन वापरलेली वाट हक्काची होत नाही. शंभर वर्षं वापरा, तरी ती देणाऱ्याची मर्जी राहते. त्यानं आज नाही म्हटलं की संपलं. जो कधीच विचारत नाही, बिनदिक्कत बंडी घालतो, त्याचा हक्क होतो. नलूबाईला हे काही केल्या पटेना.

"म्हंजे मी उर्मटावानी गेली असती तं रस्ता माहा झाला असता?"

"हो आई," आकांक्षा म्हणाली.

"आन सासूनं शिकवलं थे चुकलं?"

कायदा आकांक्षानं थोडाच केला होता.

पावसाळा लागला. नाल्याला पाणी आलं. खताची पोती नलूबाईनं डोक्यावरून नेली, नाल्यातून, कमरेएवढ्या पाण्यातून. एकदा पाय घसरून पोतं वाहून गेलं आणि ती काठावर बसून मोठ्यानं रडली, तिथं ऐकायला कोणी नव्हतं म्हणूनच रडली. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, मात्र अशी आली होती की पाहत राहावं. आणि तेच तर भय होतं. पोतं डोक्यावरून आत नेता येतं, पण एवढा कापूस डोक्यावरून बाहेर कसा काढायचा? दिवाळीपर्यंत वाट नाही मिळाली तर तो झाडावरच लोंबेल, पावसानं काळा पडेल, आणि मग शेत विकण्यावाचून गत्यंतर नाही. घेणारा कोण, तेही ठरलेलं. नागपूरचा पार्टीवाला दोन्ही शेतं घेईल, पडत्या भावात.

रस्त्यांची यादी पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत वाचली जाणार होती. हरकत असेल तर तिथंच नोंदवायची, मॅडम स्वतः येणार होत्या, त्यानंतर यादी तहसीलला. आकांक्षानं आईला आठवडाभर आधीपासून पढवायला सुरुवात केली. सभेत सांगायचं, मॅडमनी ऐकण्यात चूक केली. मी कधी विचारलं नाही. दही नेते ते सणाचं म्हणून, वाटेचा त्याच्याशी संबंध नाही. एवढी दोन वाक्यं, आई. बाकी मी पाहते.

दोन वाक्यं! नलूबाई ती गुणगुणत अंगणात येरझाऱ्या घालायची. मी कधी विचारलं नाही. झाडलेलं अंगण पुन्हा झाडायची. मी कधी विचारलं नाही. पाठ झालं होतं सगळं, अडचण पाठांतराची नव्हती. अडचण ही होती की ते वाक्य आलं की पाठोपाठ धुरपताबाई डोळ्यापुढे यायची, वाटी पदराखाली झाकून पुढे चालणारी, आणि मागे नवी नवरी नलू. सासू खाष्ट होती, नलूबाईला तिनं कमी छळलं नव्हतं, पण त्या वाटीच्या बाबतीत ती देवमाणूस होती. तिला खोटं पाडायचं? आणि बबनराव? ते समोर बसलेले असतील. त्यांच्या तोंडावर म्हणायचं की मी तुमच्या दारात कधी आलेच नाही?

झेंडावंदन झालं, पोरांना जिलेबी वाटली, आणि शाळेच्या पटांगणातच सभा बसली. एरवी ग्रामसभेला माणसं शोधून आणावी लागतात. त्या दिवशी बसायला सतरंजी पुरली नाही. बबनराव खुर्चीवर, सचिन त्यांच्या मागे उभा. तलाठ्यानं यादी वाचली. नलूबाईच्या वाटेचा नंबर आला आणि पुढे तो शब्द आला, परवानगीने. मॅडम म्हणाल्या, मला सांगितलं तेवढंच मी लिहिलं आहे, कोणाला आणखी काही सांगायचं असेल तर आत्ता सांगा, तेही लिहीन.

आकांक्षानं आईला कोपरानं ढोसलं. नलूबाई उठली. तिनं पुढच्या बाईच्या खांद्याला धरलं.

"मी इचारत होतो," ती म्हणाली.

आकांक्षानं कपाळाला हात लावला. सचिन हसला, उगाच कशाला लपवा, हसलाच.

"दरसाल इचारत होतो. खोटं काहाले बोलू? पण एक साल नाई इचारलं." ती बबनरावांकडे वळली. "भाऊजी, आकांक्षाचे बाबा गेले त्या सालाची गोष्ट हाय. कापूस फुटला होता आन घरात सुतक. सीतादही झालं नाई. मी तुमच्या दारात आली नाई, इचारलं नाई, दही देलं नाई. तरी माहा कापूस घरी आला. तुमीच सांगा, कोणी आणला आन कोणाले इचारून आणला?"

माणसं माना वळवून बबनरावांकडे पाहू लागली.

ते वर्ष नलूबाई विसरणं शक्य नव्हतं. भैयाजीची तेरवी व्हायच्या आधी बबनरावांनी स्वतःची बंडी जुंपून, स्वतःच्या घरच्या बाया लावून तिचा कापूस वेचून आणला होता, त्याच वाटेनं. आणि मग एके दिवशी दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, वहिनी, यंदा दही नाई आलं? नलूबाईच्या अंगाची तेव्हा आग झाली होती. माझं कुंकू पुसलं आणि याला दह्याची पडली आहे! ती दाराआड गेली होती, उत्तर दिलं नव्हतं. माणूस दुसरं काही बोलू शकत नव्हता म्हणून दह्याचं बोलला, हे समजायला तिला पुढे बरीच वर्षं लागली. तोवर सांगायची वेळ निघून गेली होती.

सचिन बापाच्या कानाशी वाकला. काय म्हणाला ते कोणाला ऐकू आलं नाही, पण बबनरावांनी हातानं त्याला बाजूला सारलं. ते उठले. उठायला वेळ लागला त्यांना. या काही महिन्यांत माणूस बराच खंगला होता, हे नलूबाईनं आत्ता पाहिलं.

"बंडी मीच हाकली होती," बबनराव म्हणाले. "इचारलं नाई कोणाले. रस्त्यानं जायाले कोणाले इचारा लागते का?" मग ते मॅडमकडे वळले. "लिवा मॅडम. ह्या बाईच्या घरचे मले इचारत होते, कारण त्यांच्यावर तसे संस्कार हायेत. रस्ता त्यांचाच हाय. माह्या बापालेई माहीत होतं, मलेई माहीत हाय."

एवढं बोलून ते काठी टेकत पटांगणाबाहेर पडले. जिलेबीसुद्धा घेतली नाही. मॅडमनी लिहिलं, वाचून दाखवलं, सभेनं हात वर केले. सचिन कोणाकडे न पाहता मोटारसायकल काढून निघून गेला. आकांक्षानं आईला मिठीच मारली भर सभेत, आणि नलूबाईला काय करावं सुचेना, ती पोरीच्या पाठीवर उगाच थापट्या मारत राहिली.

आता सगळं गोड झालं असं कोणाला वाटलं तर तो गाव ओळखत नाही. पार्टीवाला फिरकला नाही. सचिनचा आणि बापाचा अबोला सुरू झाला, एका घरात दोन चुली पेटल्या असं लोक सांगत. जाळी कापली गेली, सभेच्या ठरावावर तहसीलचा माणूस येऊन उभा राहिला तेव्हा. बबनराव दिवसभर शेतातच बसायचे, धुऱ्यावरच्या बाभळीखाली, आणि नलूबाई त्या वाटेनं पायी गेली तर दुसरीकडे पाहायचे. तीही खाली मान घालून जायची. काही बोलावं असं दररोज वाटायचं. जाताना वाटायचं येताना बोलू, येताना वाटायचं उद्या बोलू. रस्ता मिळाला होता आणि जिवाला चैन नव्हतं, ते नव्हतंच.

कापूस फुटला. सीतादहीचा दिवस आला. आकांक्षा मुद्दाम आदल्या दिवशी पुलगावहून आली ती एकच सांगायला. सातबाऱ्यावर नोंद अजून चढलेली नाही, तहसीलला सही बाकी आहे. आई, यंदा दही न्यायचं नाही. सचिन टपून बसला आहे, मोबाइलमध्ये फोटो काढेल, म्हणेल बघा, अजूनही परवानगी मागायला येते. एक वर्ष नाही नेलं तर काही बिघडत नाही. पोरीचं म्हणणं खरं होतं. नलूबाई हो म्हणाली. शेतात पूजा केली, नैवेद्य दाखवला, दाणे उधळले, आणि वाटीत काढायचं दही भांड्यातच राहू दिलं. घरी येऊन ते शिंक्यावर टांगलं. रात्री त्यातलं कोणी खाल्लं नाही.

दुसऱ्या दिवशी वेचणी सुरू झाली आणि संध्याकाळपर्यंत पहिली बंडी भरली. नत्थूजीची बंडी भाड्यानं घेतली होती, नलूबाई कापसाच्या गठ्ठ्यांमागून पायी चालत होती. बैल आपोआप चाकोरीत वळले. बाभळीखाली बबनराव बसले होते. नलूबाईनं ठरवल्याप्रमाणे मान खाली घातली. कायदा तिच्या बाजूनं होता, सभा होती, मॅडमचं लिहिलेलं होतं. बंडी बाभळीच्या सावलीतून पुढे सरकली. तिनं मनाशी म्हटलं, झालं, एवढंच अंतर, संपलं.

"वहिनी," बबनराव मागून म्हणाले. "यंदा दही नाई आलं?"

नलूबाईचा पाय तिथंच रुतला. ती वळली. म्हातारा तिच्याकडे पाहत होता, उन्हानं डोळे बारीक करून, आणि त्याच्या चेहऱ्यावर मागणं नव्हतं, रागही नव्हता. भैयाजी गेला त्या वर्षी दारात उभा होता तसाच तो दिसत होता. त्या वर्षी ती दाराआड गेली होती. इथं वाटेवर दार कुठून आणायचं?

तिनं नत्थूजीला हाक मारली, थांबजो जरा. नत्थूजी वैतागला, म्हणाला, बाई, दिवस बुडून राह्यला, आन मधातच काऊन थांबवता? नलूबाईनं बबनरावांना सांगितलं, "भाऊजी, उठू नका. घरी जाऊन येतो."

आणि ती घराकडे निघाली, शिंक्यावरचं भांडं काढायला. पहिल्यांदा चालली, मग पदर खोचून भरभर, मग चक्क धावायलाच लागली. बंडी वाटेत तशीच उभी होती.